देवीचं वेळापत्रक

जळगाव स्टेशनच्या पार्सल ऑफिसात शालिग्राम फिरके नावाचे एक गृहस्थ कारकून होते आणि वेळापत्रकावाचून जगात एकही गोष्ट धड होत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. पार्सल ऑफिसात बसून असं मत टिकवून धरायचं म्हणजे मोठ्या निष्ठेचं काम होतं. केळीच्या वॅगन कधी वेळेवर लागत नसत आणि दिल्लीला जायचे घड फलाटावरच पिवळे पडत. पण शालिग्रामभाऊंचं म्हणणं असं, की यात वेळापत्रकाचा काही दोष नाही, माणसं ते पाळत नाहीत. घरात दाढीचा वार ठरलेला, डोक्याला तेल लावायचा वार ठरलेला, घड्याळाला किल्ली द्यायचा वार ठरलेला. त्यांच्या पत्नी पुष्पाबाई हे सगळं निमूट सोसत. लग्नाला सात वर्षं झाल्यावर त्यांना पहिली मुलगी झाली होती. तिचं नाव कोकिळा आणि वय आठ महिने. या एका बाबतीत आमच्याकडची गाडी फार लेट आली, असं पुष्पाबाई शेजारणींना सांगत, पण भाऊ ऑफिसात गेल्यावर.

छप्पन सालच्या माघात बातमी आली, की भडगावकडच्या दोन खेड्यांत देवीची साथ आहे. ती ऐकून शालिग्रामभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या तोंडावर देवीचे वण होते. पाचव्या वर्षी देवी आल्या, त्यातून ते उठले. त्यांच्याबरोबर एकाच गोधडीत निजणारा धाकटा भाऊ उठला नाही. त्याबद्दल ते कधी कुणाशी बोलत नसत. पण त्या दिवशी पुष्पाबाईंना म्हणाले, "आपल्या गल्लीत सतरा पोरं आहेत. त्यांतल्या एकाच्याही तोंडाला असे खड्डे पडलेले मला चालणार नाहीत." पुष्पाबाईंना हे फार आवडलं. पुढे काय वाढून ठेवलं आहे हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

देवी काढून घ्यायची सोय होतीच. तोताराम नावाचे देवी डॉक्टर सायकलवरून गावभर फिरत. ते डॉक्टर नव्हते, देवी टोचण्याचं काम करणारे साधे नोकर होते. पण हातात सुई आणि कॅरियरला थर्मास असला की आपले लोक डॉक्टर म्हणायला कमी करत नाहीत. थर्मासात बर्फ आणि बर्फात लशीच्या बारीक नळ्या. भाऊ त्यांना भेटले. तोताराम म्हणाले, "तुम्ही फक्त पोरं गोळा करा. मी येतो आणि एका सकाळी सगळी उरकतो." हे ऐकून भाऊंना वाईट वाटलं. एवढं मोठं काम आणि हा माणूस म्हणतो उरकतो.

"असं घाऊक काम नको," भाऊ म्हणाले. "आधी वयवार तक्ता करू. सहा महिने झाले की पहिल्यांदा देवी काढायच्या. सातव्या वर्षी पुन्हा. चौदाव्या वर्षी आणखी एकदा. क्षयाच्या टोचणीची तुकडी येईल तेव्हा तिचा रकाना वेगळा. डांग्या खोकल्याचीही टोचणी निघाली आहे म्हणतात, तिच्यासाठी एक रकाना मोकळा ठेवू."

तोताराम पंचवीस वर्षं सायकल चालवत होते. ते म्हणाले, "ठेवा," आणि निघून गेले.

तक्त्याला जन्मतारखा हव्यात, म्हणून भाऊ वही घेऊन अकरा घरं फिरले. गल्लीच्या तोंडाशी लोटनचं हॉटेल. लोटन म्हणाला, "धाकटा ना? हॉटेलात पहिला स्टोव्ह आणला, त्याच्या दुसऱ्या दिवशी झाला."

"स्टोव्ह कधी आणला?"

"आता ते कसं सांगू? पोरगं झालं त्याच्या आदल्या दिवशी."

भाऊंनी तिथे प्रश्नचिन्ह काढलं. गफूर कल्हईवाल्याची चार मुलं. त्याने चारही तारखा धडाधड सांगितल्या, पण त्या चंद्राच्या होत्या, आणि त्यांचं इंग्रजी महिन्यात रूपांतर करण्यात भाऊंचा एक रविवार गेला. एवढं करून सर्वांत धाकटी मुलगी मधल्या मुलाच्या आधी जन्मली, असं उत्तर आलं. गफूर म्हणाला, "भाऊसाब, कागदावर येत असेल तर राहू द्या. पोरांच्या अम्मीला, जुबेदाला सांगू नका म्हणजे झालं."

गल्लीच्या मधोमध इंदिराबाईंचं घर होतं. या मूळच्या धुळ्याकडच्या. चाळीस वर्षं जळगावात काढली तरी बोली तिकडचीच राहिली होती. सगळे त्यांना अक्का म्हणत. गल्लीत नळावर आधी कोणी भरायचं, वाळवण कोणाच्या ओट्यावर आणि सुतक किती दिवसांचं, हे अक्का ठरवत. त्यांच्या मुलाची पहिली दोन मुलं दगावली होती. तिसरा झाला तेव्हा त्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं आणि नाव ठेवलं उखर्डू, म्हणजे देवाची नजर जायला नको. दीड वर्षाचं ते गुटगुटीत पोर कायम फाटक्या झबल्यात आणि तोंडाला काजळाचं बोट, असं ओट्यावर बसलेलं असे.

"याची तारीख, अक्का?"

"माले काय म्हाईत, भाऊ. केळी कापाना टाइम व्हता. गाडी भेटनी नव्हती, घड बठ्ठा टेशनवर पिकी गयतात."

भाऊंचा चेहरा उजळला. गाडी न मिळाल्याबद्दल वरून जो मेमो आला होता, तो त्यांना तोंडपाठ होता. चोवीस ऑगस्ट. सतरा मुलांत ही एकच तारीख कागदोपत्री सिद्ध होणारी होती, म्हणून त्यांनी ती तक्त्यावर लाल शाईने लिहिली. त्या घरात ती तारीख कोणी तोंडावरही आणत नसे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

तक्ता तयार झाला आणि लोटनच्या हॉटेलाच्या भिंतीवर खळ लावून चिकटवला गेला. पार्सलांच्या जाड कागदावर चार रंगांच्या शाईत तो इतका देखणा दिसत होता, की माणसं चहा प्यायची थांबून त्याच्याकडे बघत. रेल्वेत एका सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी सोडतात. पहिली सुखरूप बाहेर पडली, की दुसरीला सिग्नल. त्याच धोरणाने भाऊंनी ठरवलं होतं, की एका आठवड्यात एकाच घरातल्या मुलांच्या देवी काढायच्या. ताप आला तर शेजारीपाजारी मदतीला मोकळे असावेत. गल्लीच्या तोंडापासून सुरुवात करायची आणि घर नंबराने पुढे जायचं. भाऊंचं घर आठवं.

"आणि कोकिळा?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"आठव्या आठवड्यात. मीच तक्ता केला आणि मीच माझी मुलगी पुढे घुसवली, तर वशिला झाला."

"साथ काय घरांचे नंबर बघून येते?" पुष्पाबाई म्हणाल्या. भाऊ घड्याळाला किल्ली द्यायला उठले. वास्तविक तो वार किल्लीचा नव्हता.

पहिला नंबर हॉटेलाचा, पण लोटनने गल्ल्यावरून उठता येत नाही असं सांगून गफूरला पुढे केलं. गफूरने चारही मुलं रांगेत उभी केली. तोतारामांनी दंडावर लशीचा थेंब ठेवून त्यात टोकदार दात्यांची बारीक फिरकी फिरवली, चौघांनी एका सुरात भोकाड पसरलं आणि काम झालं. भाऊंनी तक्त्यावर चार हिरव्या खुणा केल्या. पहिली गाडी वेळेवर सुटली होती.

त्याच संध्याकाळी अक्कांनी गल्लीत फेरी मारली. अंगावर देवी काढल्या म्हणजे देवी घरी पाहुणी आली. ती असेपर्यंत सात दिवस घरात फोडणी द्यायची नाही, तळण करायचं नाही. तिला तेलाचा चरका सोसत नाही. हे सर्वांना माहीत होतं आणि मान्यही होतं. पण गल्लीतल्या अकरा घरांच्या भिंती एकमेकींना लागून. शेजारच्या लताबाईंनी मोहरी टाकली तर गफूरच्या घरात शिंक येते. अक्का म्हणाल्या, "वास गया म्हंजे फोडणी गयी. देवी गल्लीमा उनी शे. बठ्ठी गल्ली बंद."

सगळी गल्ली बंद म्हणजे बंद. जुबेदाने आपल्या घरचा बघार पहिल्याच दिवशी थांबवला होता. भाजीपाला उकडून, मीठ टाकून खायचा. वरण पांढरं. वांग्याचं भरीत फोडणीवाचून, म्हणजे नुसतं भाजलेलं वांगं. जळगावच्या माणसाला उपाशी ठेवलं तर तो एक वेळ सोसेल, पण बिनफोडणीच्या भरतासमोर बसवलं तर त्याला आपलं आयुष्य कुठे चाललं आहे असे विचार येऊ लागतात. गफूरच्या कल्हईचा धूर फोडणीत धरायचा की नाही, यावर ओट्यावर एक पूर्ण संध्याकाळ चर्चा झाली. नवसागराच्या वासाला तेल लागत नाही, म्हणून अक्कांनी तो माफ केला. तरी सात दिवस काय, कसेही जातात. पुरुषमंडळी लोटनकडे जाऊन भजी खात, कारण हॉटेल गल्लीच्या तोंडाशी असल्याने ते गल्लीत मोडत नाही, असा निर्णय खुद्द लोटननेच दिला होता.

आठव्या दिवशी सकाळी गल्लीत फोडणीचा पहिला चर्रर्र आवाज होणार, तेवढ्यात भाऊ हिरवी पेन्सिल घेऊन चिंधा शिंप्याच्या दारात उभे राहिले. तक्त्याप्रमाणे चिंध्याच्या दोन मुलांचा नंबर होता. संध्याकाळी अक्कांनी पुन्हा फेरी मारली.

दुसऱ्या आठवड्यात गल्लीचा स्वभाव बदलला. एरवी हसून बोलणारी माणसं भाऊंना पाहून दार लोटून घेऊ लागली. नळावर बायका पुष्पाबाईंना विचारत, "तुमच्या ह्यांना नुसतं वरण चालतं वाटतं?" मग एका संध्याकाळी लोटनने तक्त्यासमोर उभं राहून बोटं मोजली. अकरा घरं. प्रत्येकी सात दिवस. सत्त्याहत्तर. त्याने पुन्हा मोजलं. तितकेच आले. आणि पुढच्या सोमवारी त्याच्याच घराचा नंबर होता. म्हणजे हॉटेलातली भजी बंद, शेव बंद. त्यात त्याची थोरली मुलगी लग्नाची होती. तिला पारोळ्याहून लोक बघायला येणार होते, आणि त्यांच्यासमोर काय पांढरं वरण ठेवायचं?

सभा लोटनच्या हॉटेलातच भरली. भाऊंना एका बाकावर एकट्याला बसवलं होतं. लोटन म्हणाला, "शालिग्रामभाऊ, तुम्ही शिकलेले. तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण सत्त्याहत्तर दिवस म्हणजे आखाजीचा सण येईल, भाऊ. आखाजीला काय उकडलेल्या पुरणपोळ्या खायच्या?"

"पुरणपोळीला फोडणी नसते," भाऊ म्हणाले.

हे वाक्य बोलायला नको होतं. पुढची दहा मिनिटं सगळे एकदम बोलत होते. चिंधा शिंपी म्हणाला, की वरणातून मोहरी गेल्यापासून त्याच्या हातून तीन सदऱ्यांच्या बाह्या उलट्या लागल्या. त्या गलक्यात तोताराम सायकल टेकवून आत आले, त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. राहिलेली अकरा मुलं एका सकाळी करू. सात दिवस एकदाच जातील. आठव्या दिवशी मी दंड बघायला येईन. पुटकुळ्या उठल्या असल्या की टाका फोडणी."

गल्लीला हे इतकं पटलं, की मागच्या चौदा दिवसांत कोणाला हे का सुचलं नाही, असं जो तो विचारू लागला. विचारताना सगळे भाऊंकडेच बघत होते. शालिग्रामभाऊंनी आयुष्यात पुष्कळ मेमो खाल्ले होते, पण असा बिनकागदाचा मेमो त्यांना नवा होता. ते उठून घरी आले आणि पुष्पाबाईंना म्हणाले, "मी मूर्ख आहे का?" पुष्पाबाई म्हणाल्या, "नाही हो. पण कोकिळेचा नंबर आता सोमवारीच लागेल ना?" त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता, आणि तो ऐकून भाऊंचा अपमान निम्म्याने कमी झाला.

एकच अडचण राहिली. अक्का म्हणाल्या, सात दिवस काय, पंधरा दिवस गल्ली बंद ठेवते, पण उखर्डूच्या दंडाला सुई लागणार नाही. भडगावची साथ तोवर एरंडोलपर्यंत आली होती. भाऊ अक्कांच्या ओट्यावर गेले. त्या भिजवलेल्या कापडावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापत होत्या. शेजारी उखर्डू पिठाने माखलेला बसला होता.

"अक्का, दहा पोरं होतील आणि हा एकटा राहील. साथ त्याच्याकडेच येईल."

"तू त्यानं नाव भितवर लिखं," अक्का म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "लाल शाईतून. तारीख बी लिखी. ती तारीख आम्ही घरमा बी तोंडवर लयतस नही. दोन गयात, भाऊ. याले मी उकिरडावर ठेवं, फाटेल घालं, देवनी नजर चुकाडीसन वाढाडं. आन् तू होटेलमा त्यानं नाव टांगं. येणारा जाणारा वाचतस."

सतरा तारखांतली एकच तारीख आपण खरी काढली म्हणून आपल्याला किती अभिमान वाटला होता, हे भाऊंना आठवलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. ते उठले, लोटनच्या हॉटेलात गेले आणि भिंतीवरचा तक्ता ओढून काढला. खळ चांगली लागली होती, त्यामुळे तो सरळ न निघता तुकड्यातुकड्यांनी निघाला. चार रंगांच्या शाईचं ते काम ओंजळीत घेऊन ते परत आले आणि त्यांनी ते अक्कांच्या चुलीत घातलं.

मग ते ओट्यावर बसले. "अक्का, माझा एक भाऊ होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. माझ्या आधीचं एक मूल गेलं होतं, मी कसाबसा जगलो, म्हणून आईने याला नजरेपासून जपायचं ठरवलं. त्याचं नाव दगडू. त्यालाही फाटकंच घालायची. आम्हा दोघांना एकाच आठवड्यात देवी आल्या. नजर चुकली नाही, अक्का. देवी नाव विचारत नाहीत."

अक्कांचा हात बिबड्यावर थांबला. त्यांनी पहिल्यांदाच भाऊंच्या तोंडावरच्या खड्ड्यांकडे नीट पाहिलं.

"तवय तू केवढा व्हता?"

"पाच वर्षांचा."

"आन् तुन्ही माय?"

"ती त्यानंतर फार बोलत नसे."

अक्कांनी कापडावरचा बिबडा पूर्ण थापला, उखर्डूच्या नाकावरचं पीठ पुसलं आणि म्हणाल्या, "जाय. मन्हं काम पडेल शे." भाऊंना वाटलं, आपण हरलो.

सोमवारी सकाळी गल्लीत अक्षरशः जत्रा होती. लोटनने रविवारी इतकी भजी तळली होती, की पुढच्या सात दिवसांचा उपास आधीच फिटला होता. त्याच्या मुलीला बघायला येणाऱ्या पारोळेकरांना दहा दिवस पुढची तारीख कळवली होती. तोताराम ओट्यावर बसले. पोरं रडत होती, आया समजावत होत्या, आणि भाऊ प्रत्येकाला तेच तेच बजावत होते, की दंड कोरडा होऊ द्या, राख लावू नका, कडुलिंबाचा पाला वाटून लावू नका, हळद लावू नका. दहा झाली. कोकिळा त्यांतली नववी. तोताराम नळ्या आवरू लागले, तेव्हा अक्का गर्दीतून आल्या. उखर्डू त्यांच्या कडेवर होता. त्याला धुतलेलं, न फाटलेलं झबलं घातलं होतं.

"नाव?" तोतारामांनी वहीत मान घालून विचारलं.

"अक्कांचा नातू, एवढं लिहा," भाऊ म्हणाले. तोतारामांनी तसंच लिहिलं.

त्या दिवशी शालिग्रामभाऊंना इतकं बरं वाटलं, की घरी आल्यावर त्यांना आणखी काहीतरी करावंसं वाटू लागलं. हा त्यांचा जुना आजार. कोकिळेच्या दंडाकडे पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की ही शेवटी जखमच आहे. आणि जखमेचं काय करायचं, हे रेल्वेच्या प्रथमोपचाराच्या वर्गात त्यांना रीतसर शिकवलं होतं. त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं. राख आणि हळद हे अडाण्यांचे उपाय. त्यांनी कपाटातून टिंक्चर आयोडीनची बाटली काढली, कापसाचा बोळा बुडवला आणि कोकिळेच्या दंडावर व्यवस्थित फिरवला. पुष्पाबाई म्हणाल्या, "तुम्हीच तर सगळ्यांना काही लावू नका म्हणालात." भाऊ म्हणाले, "ते त्यांच्यासाठी. हे औषध आहे."

सात दिवस गल्लीने फार सज्जनपणे काढले. आठव्या दिवशी सकाळपासून घराघरात चुली पेटल्या होत्या. कढईत तेल घातलेलं, वाटीत मोहरी काढलेली, मिरच्या चिरलेल्या. तोताराम दंड बघत गल्लीत फिरत होते आणि प्रत्येक दारात "उठली" म्हणत होते. उखर्डूच्या दंडावरची पुटकुळी तर त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाले, "अशी छान उठलेली फार दिवसांत पाहिली नाही." अक्कांनी लगेच उखर्डूवरून मिठाची मूठ ओवाळून टाकली.

शेवटी आठ नंबरचं घर. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. तोतारामांनी कोकिळेची बाही वर केली. दंड गुळगुळीत होता. त्यावर एक फिकट तपकिरी डाग तेवढा राहिला होता. तोतारामांनी त्याच्याकडे जवळून पाहिलं.

"याला काय लावलंत?"

मागे सगळी गल्ली उभी होती. लोटनच्या हातात झारा होता.

"टिंक्चर," भाऊ म्हणाले. "आयोडीन. मीच लावलं."

"मग लस मेली," तोताराम म्हणाले. "जंतू मारायचं औषध ते. लशीला कसं सोडेल? राख लावली असती तरी एखादे वेळेस उठली असती. आता परत काढायला पाहिजे, आणि आजच काढतो. काल बाजारात एरंडोलच्या एका बाईला देवी निघालेल्या दिसल्या. ती बाई तीन दिवस इथेच होती."

परत काढायच्या म्हणजे आणखी सात दिवस. चुलींवर तेल तापत होतं आणि त्याचा वास एव्हाना गल्लीभर सुटला होता. पुष्पाबाईंनी कोकिळेला छातीशी घट्ट धरलं होतं आणि त्या कोणाकडेही बघत नव्हत्या. भाऊंना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. सतरा पोरांची काळजी वाहता वाहता आपण आपलीच तेवढी उघडी ठेवली. त्यांनी हात जोडले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "तुम्ही फोडण्या टाका. मी हिला आणि हिच्या आईला घेऊन सात दिवस कुठेतरी गावाबाहेर राहतो. धर्मशाळेत जागा बघतो. गल्लीला माझ्यापायी आणखी त्रास नको."

"हाई काय बोलस तू?" अक्का पुढे आल्या. त्यांनी उखर्डूला जुबेदाच्या हातात दिलं आणि पुष्पाबाईंच्या हातून कोकिळेला घेतलं. "एवढीशी पोर. बाहेर साथ शे. धरमशाळामा कोन देखी तिले?" मग त्या मागे वळल्या. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे. "कढया उतारा. आखो सात दिन. कोनी मोहरी टाकी तं मन्हाशी गाठ शे."

मग जुबेदा उखर्डूला घेऊन आपल्या घरात गेली, आणि आतून कढई चुलीवरून खाली ठेवल्याचा आवाज आला. तिच्यामागून लताबाई गेल्या. मग चिंध्याची बायको. एकेका घरातून तोच आवाज येत गेला. लोटन झारा हातात धरून भाऊंकडे बघत होता. तो काय बोलेल याची भाऊंना भीती वाटत होती.

"पारोळ्याच्या लोकांना आणखी आठ दिवस पुढचं कळवतो," लोटन म्हणाला. "त्यांनाही सांगतो, गल्लीतल्या एका मुलीच्या देवी काढल्यात. ज्यांना हे कळणार नाही, त्यांच्या घरी मला पोरगी द्यायचीच नाही." आणि तो स्टोव्ह विझवायला गेला.

कोकिळेच्या दुसऱ्या दंडावर तोतारामांनी फिरकी फिरवली. ती जिवाच्या आकांताने रडली. अक्का तिला थोपटत म्हणाल्या, "रड माय, रड. बठ्ठी गल्ली तुन्हीच शे." मग भाऊंकडे हात पसरून म्हणाल्या, "ती बाटली माले दी."

भाऊंनी निमूट बाटली आणून दिली. त्यापुढचे सात दिवस कोकिळा सकाळपासून अक्कांच्या ओट्यावर, उखर्डूशेजारी, आणि तिच्या वडिलांना तिला बघायची परवानगी समोरच्या ओट्यावरून. ऑफिसातून आले, की ते तिथे जाऊन बसत आणि पांढऱ्या वरणाबद्दल कोणी काही बोललंच तर ऐकून घेत. पण कोणी बोलत नव्हतं. गफूर येता-जाता विचारायचा, "भाऊसाब, उठली का?" आणि भाऊ म्हणायचे, "अजून नाही." पुष्पाबाई रात्री मध्येच उठून बसत आणि मुलीच्या कपाळाला हात लावून बघत.

पाचव्या दिवशी भाऊ ऑफिसातून आले तर अक्कांचा ओटा रिकामा होता. मग त्यांना गल्लीच्या टोकाशी अक्का दिसल्या. कोकिळेला कडेवर घेऊन त्या दारोदार फिरत होत्या. प्रत्येक दारापुढे उभं राहून तिची बाही वर करत होत्या आणि आतल्या माणसांना दंडावर उठलेली पुटकुळी दाखवत होत्या. लोटन हॉटेलातून बाहेर येऊन वाकून बघत होता. अजून सहा घरं राहिली होती. त्या सहा घरांपुरतं शालिग्रामभाऊंना मागून चालायची परवानगी मिळाली.